पदकाआधीचे पैसे

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ऑगस्टमध्ये पैसा नसतो. बियाणं, खत, फवारणी, निंदण यांत पीककर्ज जिरून गेलेलं असतं. कपाशीला पात्या धरू लागलेल्या, सोयाबीन फुलाशेंगांवर, आणि पोळा तोंडावर. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या आगेमागे, कापसाची पहिली वेचणीही त्याच सुमाराला. चुकारा हातात पडेपर्यंत दिवाळी येते. शाळांच्या क्रीडा स्पर्धा नेमक्या याच दिवसांत सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पोरगी तालुक्याला जिंकली की घरात आनंद होतो, जिल्ह्याला जिंकली की पेढे येतात, आणि विभागासाठी निवड झाली की बाप अंगणातल्या खाटेवर बसून हिशेब करू लागतो. अमरावतीपर्यंतचं भाडं, वरखर्च, नवे बूट, सोबत कुणी जायचं म्हटलं तर त्याची बुडालेली मजुरी. रक्कम फार मोठी नसते. दोन-तीन हजारांत भागतं. पण दिवाळीनंतर जो बाप हे पैसे हसत काढून देईल, त्यालाच सप्टेंबरात ते कुणाकडे तरी मागावे लागतात.

आईवडिलांच्या त्यागाच्या गोष्टी आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा त्यांत आकडे मोठे असतात. जमीन विकली, घर गहाण टाकलं, दहा लाखांचं कर्ज काढलं. त्या गोष्टी खऱ्याच आहेत आणि पुढे त्यांच्याकडे येणारच आहे. पण इतकी वर्षं इथे राहून, इथल्या मैदानांवरची मुलं आणि त्यांचे पालक पाहून मला जे दिसलं ते असं, की आपल्याकडचं घर आधी या छोट्या रकमांपायी वाकतं. नड सप्टेंबरची, पैसा नोव्हेंबरचा, आणि मधल्या दोन-तीन महिन्यांवर व्याज चढतं. बचत गटातून उचललेले पाच हजार, किराणा दुकानात थकलेली उधारी, सोनेतारणात ठेवलेली एकदाणी. यातलं काहीच बातमीत येत नाही.

माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. गाव कळंब तालुक्यातलं, शेती पाच-साडेपाच एकर, पाणी वरचंच. थोरली मुलगी धनुर्विद्या शिकते. गावात सोय नाही, म्हणून आई दोन्ही लेकरांना घेऊन यवतमाळात खोली करून राहते, शिलाई करते. वडील गावी शेतात असतात आणि आठवड्याच्या शेवटी येतात. घर असं दोन ठिकाणी फाटलं की खर्चही दोन चुलींचा होतो, पण मुलीच्या खेळाचा खर्च सांगताना हे दोघं तो कधीच धरत नाहीत. विचारलं तर म्हणतात, शिक्षणासाठी राहावंच लागलं असतं.

मुलीने सुरुवात केली ती लाकडी धनुष्याने. आपल्याकडे याला इंडियन राउंड म्हणतात. काही हजारांत धनुष्य आणि बाण येतात, आणि गरीब घरातली मुलं या खेळात येऊ शकतात ती त्यामुळेच. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रामुख्याने रिकर्व्ह आणि कंपाउंड या दोन धनुष्यांवर होतात. चांगलं कंपाउंड धनुष्य, त्याची साइट, स्टॅबिलायझर, रिलीज, कार्बनचे बाण असं सगळं धरलं तर अडीच-तीन लाखांच्या खाली जमत नाही. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. अडीच लाख म्हणजे एकतीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल पिकला तर शेतकरी वर्ष बरं गेलं म्हणतो. म्हणजे त्या साडेपाच एकरांतला सगळा कापूस, वेचणीची मजुरी न देता, खत-बियाण्याचे पैसे न फेडता, आणि घरात वर्षभर काही न खाता, एका धनुष्यात जातो.

ते धनुष्य घेतलं गेलं. कसं घेतलं ते मुलीच्या वडिलांनीच मला सांगितलं. काही सोनं मोडलं, काही बँकेतून, काही भावाकडून. मी विचारलं, एवढं अवघड होतं तर थोडं थांबायचं नाही का? ते म्हणाले, “सर म्हणते पोट्टीचा हात चांगला हाये. तिचा हात चांगला हाये तं आपून हात कसा आखडावा, ताई?” मुलीची आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, “लग्नासाठीच ठेवलं होतं ना ते? मंग तिचंच होतं. तिले दिलं.”

आईच्या या बोलण्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आपल्या समाजात मुलीच्या नावाने सोनं साठतं ते तिला सासरी पाठवताना अंगावर घालण्यासाठी. सतराव्या वर्षी ते तिच्या हातात धनुष्य होऊन येणं, हा त्या घरात झालेला केवढा मोठा बदल आहे! त्या बाईने हा निर्णय कुठल्या भाषणातून घेतला नाही. मुलगी रोज संध्याकाळी दमून, खांदा चोळत, पण हसत घरी येते एवढंच तिने पाहिलं होतं.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्या सरावाच्या जागी गेले होते. एक बाण लक्ष्याच्या फळीवरून निघून मागच्या गवतात गेला. पाऊस नुकताच उघडला होता, गवत कमरेएवढं. मुलगी, आई आणि धाकटा भाऊ असे तिघे मोबाइलच्या उजेडात तो बाण शोधू लागले. कार्बनचा बाण गवतात गेला की जमिनीशी समांतर, मुळांच्या वरून घुसतो, आणि वरून काही दिसत नाही. पायाने चाचपता येत नाही, कारण पाय पडला तर बाणाला चीर जाते आणि चीर गेलेला बाण पुन्हा धनुष्यावर चढवायचा नसतो. म्हणून तिघे वाकून, हाताने गवत बाजूला करत, इंच इंच पुढे सरकत होते. अंधार पडला. साप-विंचवाचे दिवस. मुलगी दोनदा म्हणाली, “राहू दे आई.” आई थांबली नाही. शेवटी भावाला सापडला. त्याने तो शर्टाला पुसला, उजेडात फिरवून पाहिला, बोटाने हलकेच वाकवून कानाशी धरला. चीर असली तर बारीक कुरकुर ऐकू येते, हे त्याला ठाऊक होतं. बाण शाबूत होता. त्याने तो बहिणीच्या भात्यात ठेवला.

तो मुलगा दहावीत आहे. मी त्याला विचारलं, तू काय खेळतोस? तो म्हणाला, कबड्डी. आईने मागून जोडलं, “त्याले काही लागत नाई.”

खेळाडूंवरच्या लेखांत हा भाऊ कुठेच नसतो. ज्या घरात एका मुलावर सगळं लावलं जातं, त्या घरात दुसरं मूल लवकर समजूतदार होतं. ते सहलीचे पैसे मागत नाही. शिकवणी लावू का विचारलं तर नको म्हणतं. ते बहिणीचा अभिमान मनापासून बाळगतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तरीही त्याच्या वाट्याचं काहीतरी त्या भात्यात गेलेलं असतं. आईवडिलांच्या त्यागाबद्दल बोलताना या मुलांचा त्यागही मोजायला हवा. तो त्यांनी स्वतः ठरवून केलेला नसतो, म्हणून तर तो आधी मोजायला हवा.

साताऱ्याच्या अदिती स्वामीची गोष्ट आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला तिने कंपाउंडमध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला तिने १४९-१४७ असं हरवलं. तिचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीच्या सरावासाठी घर गावातून साताऱ्याला हललं, धनुष्य-बाणांसाठी कर्जं काढली गेली आणि पगारातून हप्ते जात राहिले. त्याच दिवशी पुरुषांत जिंकलेला ओजस देवतळे आपला, नागपूरचा. तोही घर सोडून अदितीचे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे शिकायला साताऱ्याला गेला होता. एकाच दिवशी एकाच प्रशिक्षकाचे दोन जगज्जेते, एवढं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. पण विदर्भातून साताऱ्याला जाऊन राहायचं म्हणजे काय, हे पालकांनाच विचारावं. खोलीचं भाडं, खानावळ, दर सुट्टीचा प्रवास, आणि मूल तापाने फणफणलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे न पोचता येणं. यवतमाळहून तर अजून रेल्वेही धड नाही. शकुंतला रेल्वे बंद पडली, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग वर्षानुवर्षं होतोच आहे. लांबच्या स्पर्धेला निघालेलं आमचं पोर आधी धामणगाव स्टेशन गाठतं, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये सामानाच्या पिशव्यांमध्ये पाय दुमडून बसतं आणि सकाळी उतरून थेट मैदानावर जातं. ज्याच्या शहरातून गाडी सुटते तो खेळाडू एक झोप पुढे असतो.

कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथे नेमबाजीकडे वळला. वडील शिक्षक. रायफलची एक गोळी तेव्हा शंभर रुपयांच्या वर पडायची, आणि सरावात एका बैठकीला किती गोळ्या लागतात याला धरबंध नसतो. गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. मग बक्षिसं जाहीर झाली, रकमेवरून वाद झाला, हरियाणा किती देतं आणि महाराष्ट्र किती देतो याची तुलना झाली, आणि खुद्द स्वप्नीलच्या वडिलांनी नाराजी बोलून दाखवली. तेव्हा अनेकांनी त्यांना हावरट ठरवलं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या माणसाने पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात उधारीची गोळी दिली, त्याला सरकारकडे हिशेब मागायचा अधिकार आहे. त्या वादात एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. दोन कोटी की पाच कोटी हे राहू द्या. पण २००९ ते २०१५ या काळात, तो कुणीच नव्हता तेव्हा, महिन्याला पाच-दहा हजारांच्या गोळ्या कुणी दिल्या असत्या तर? त्याच्याबरोबर नेम धरायला बसलेली आणखी दहा-वीस मुलं होती. त्यांच्या बापांना कर्ज मिळालं नसेल, किंवा त्यांनी ते घेण्याचं धाडस केलं नसेल. ती मुलं कुठे आहेत?

स्वप्नीलच्या आधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं ते १९५२ साली, हेलसिंकीत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं ते कांस्यपदक. त्याच्या मागच्या पैशाची गोष्ट मला अदितीच्या आणि स्वप्नीलच्या गोष्टीपेक्षाही जवळची वाटते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबांना पाठवण्याचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२मध्ये तो आधार उरला नव्हता. मुंबई सरकारकडे मदत मागूनही भागलं नाही. तेव्हा गोळेश्वरच्या आणि कऱ्हाड भागातल्या लोकांनी वर्गणी काढली. आणि ज्या राजाराम कॉलेजात खाशाबा शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. आपल्या पोटच्या मुलासाठी घर गहाण टाकणारे पुष्कळ आहेत. हे घर एका विद्यार्थ्यासाठी गहाण पडलं होतं. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक काढण्याचा त्या लोकांना हक्कच होता, कारण पदकात त्यांचा पैसा होता.

पुढच्या सत्तर वर्षांत हा भार सरकत सरकत एका घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबला. राजे गेले, गावाची वर्गणी आटली. शासनाने क्रीडा प्रबोधिन्या काढल्या, आणि त्यांनी खूप केलं. यवतमाळचा आकाश चिकटे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे गेला आणि भारताच्या हॉकी संघाचा गोलरक्षक झाला. २०१७मध्ये ढाक्याला आशिया चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. प्रबोधिनीत राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण शासनाकडून मिळतं. पण प्रबोधिनीत जागा किती आणि मुलं किती! खेलो इंडियाची शिष्यवृत्तीही आहे. त्यात महिन्याला दहा हजार रुपये वरखर्चाला मिळतात, पण निवड होते ती राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांचीच. मूल चमकेपर्यंतचा रस्ता घरच्यांनीच बांधायचा असतो.

पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. विदर्भाने रणजी करंडक जिंकला त्या संघात तो होता. नोव्हेंबर २०२१मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकं टाकली, एकही धाव दिली नाही आणि दोन बळी घेतले. टी-२० क्रिकेटमध्ये चारही षटकं निर्धाव! त्या दिवशी पांढरकवड्याच्या चौकात जे बोललं गेलं असेल ते मी न ऐकताही सांगू शकते. पांढरकवडा नागपूरपासून दीडशेएक किलोमीटरवर आहे आणि विदर्भात क्रिकेटचं जे काही आहे ते नागपुरात आहे. या अंतरात किती मुलांचं क्रिकेट संपतं, हे हायवेवरच्या कुठल्याही थांब्यावर उभं राहून कळेल. पाठीवर क्रिकेटची मोठी बॅग, बापाच्या हातात डबा, आणि येणाऱ्या एसटीत बॅग आत घ्यायची की टपावर टाकायची यावर कंडक्टरशी चाललेलं बोलणं.

आमच्याकडचे बरेचसे पालक ऑलिंपिकचं स्वप्न पाहत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सकाळी यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर जावं. अजून उजाडलेलं नसतं, आणि दोनशे-तीनशे पोरंपोरी धावत असतात. मुलं सोळाशे मीटर, मुली आठशे. पोलीस भरतीची ही अंतरं आता खेड्यातल्या आज्जीलाही पाठ आहेत. या मुलांच्या घरच्यांसाठी खेळ म्हणजे नोकरीची वाट. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी लागते, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. या सगळ्याचा हिशेब मांडूनच बाप अकॅडमीची फी भरतो. काही लोक याला नाकं मुरडतात, खेळात खेळच हवा म्हणतात. ज्याच्या घरी महिन्याला ठरलेला पगार येतो त्याने हे बोलू नये. ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी घेतलं गेलं, तिथल्या आईला मुलीच्या धावण्यात एक खात्रीची वर्दी दिसत असेल तर ती तिची सर्वांत शहाणी आशा आहे. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे जेव्हा सापडतात, तेव्हा मला राग येतो तो यासाठी. त्यांनी शासनाला फसवलं हे खरंच, पण त्याआधी त्यांनी त्या अंधारात धावणाऱ्या पोरीची जागा घेतली.

आणि जी जिंकत नाहीत त्यांचं काय? ती बहुसंख्य आहेत. तालुक्याला शंभर मुलं उतरतात तेव्हा राज्याला एखादं पोचतं, हे सांगायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी खांदा दुखावतो, किंवा बारावी येते, किंवा नुसताच जीव विटतो, आणि खेळ थांबतो. मग ते धनुष्य अर्ध्या किमतीत विकलं जातं. कर्ज मात्र अर्ध्यावर येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी ठाऊक असते. पहिलं बियाणं पावसाअभावी जळालं तरी तो पुन्हा पेरतो, कुणावर ओरडत नाही, कारण त्यात कुणाची चूक नसते. पेरणीबद्दल जेवढी समज त्याच्याकडे आहे तेवढी मुलाबद्दल मात्र सगळ्यांनाच दाखवता येत नाही. “तुझ्यापायी एवढं लावलं” हे वाक्य मी मैदानाच्या कडेला, स्पर्धेत हरलेल्या मुलांच्या समोर, पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणणारा वाईट नसतो. थकलेला असतो, उपाशी असतो, परतीच्या गाडीच्या काळजीत असतो. पण ऐकणारं मूल चौदा वर्षांचं असतं. त्यानंतर ते धावताना फिनिशची रेषा पाहत नाही, आईच्या गळ्यातली रिकामी जागा पाहतं. अशा मुलाचे पाय जड होणारच.

अमेरिकेत ॲस्पेन इन्स्टिट्यूटने पालकांना विचारून काढलेला आकडा आहे. २०२४मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाने सरासरी एक हजारांवर डॉलर खर्च केले, आणि २०१९च्या तुलनेत हा खर्च सेहेचाळीस टक्क्यांनी वाढला. श्रीमंत देशातही बाप हिशेबच करतो आहे. नॉर्वेने मात्र वेगळा रस्ता धरला. तिथे १९८७पासून मुलांच्या खेळासाठी राष्ट्रीय नियम आहेत. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावायची नाही, तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. खेळ घराजवळ, स्वस्त आणि सगळ्यांसाठी. आणि हाच देश २०१८ आणि २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात पहिला होता. आपलं यवतमाळ नॉर्वे नाही, हे मला कळतं. पण दहाव्या वर्षी मुलाला जिल्ह्याबाहेर पळवत नेल्याशिवाय विजेता घडत नाही, हा आपल्याकडच्या अकॅडम्यांनी पालकांच्या मनात भरवलेला धाक तरी यातून जावा. दहाव्या वर्षी मूल गावच्या शाळेच्या मैदानावर खेळलं तर काहीही हुकत नाही. पैसा वाचवून ठेवावा तो पंधराव्या वर्षासाठी, खरी गरज तेव्हा येते.

आणि त्या पंधराव्या वर्षी एकट्या घराने का वाकावं? या जिल्ह्यात वणीच्या पट्ट्यात कोळसा निघतो, चुनखडी निघते, त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमतो. जिल्हा नियोजन समिती आहे, जिल्हा परिषद आहे, सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत, बाजार समित्या आहेत. विभाग आणि राज्य पातळीवर निवड झालेल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाचं प्रवासभाडं आणि जेवण, खेळ कुठलाही असो, निवडीचं पत्र निघाल्याच्या आठवड्यात त्याच्या आईच्या खात्यात जमा करणं, एवढंच करायचं आहे. बिलं सादर करा, मार्चअखेर पाहू, असं म्हणायचं नाही. आईच्या खात्यात म्हणते आहे, कारण व्याज पहिला घास तिच्या दागिन्याचा घेतं. धनुष्यं, रायफली, सायकली, बॉक्सिंगचे हातमोजे तालुका क्रीडा संकुलात जिल्ह्याच्या मालकीचे असावेत आणि मुलांच्या वाढीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जावेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४पासून लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या हिमतीवर केवढं काम उभं केलं! १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिथे जाऊन हुतूतू दाखवून आलं. ते अमरावती आपल्यापासून दोन तासांवर आहे.

पालकांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही जे करता आहात त्याचं मोल करता येणार नाही. पण कर्ज काढण्याआधी आपली मर्यादा ठरवून, दोघांनी बसून लिहून ठेवा, आणि त्या कागदावर धाकट्याचं नावही लिहा. मुलापासून खर्च लपवू नका, त्याला तो कळतोच. फक्त तो त्याच्या नावावर मांडू नका. तुम्ही दिलं ते दिलं.

आणि आता तुमच्या-आमच्यासाठी, जे कुणाचे पालक म्हणून मैदानावर उभे नाही. मूल जिंकून आलं की चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. एका मोठ्या फ्लेक्सच्या पैशात धामणगाव ते पुणे दोन माणसांचं येण्याजाण्याचं तिकीट निघतं. तुमच्या गल्लीत खेळणारं मूल असेल तर आज त्याच्या आईला जाऊन विचारा, पुढची स्पर्धा कधी आहे आणि कुठे. आणि ते तिकीट तुम्ही काढा.